मुक्त म्हणायचं की खुलं?

(महिला संघटनांच्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आज मी सॉफ्टवेअरच्या परवान्यांबद्दल बोलणार आहे. मी इंजिनिअर नाही. एम.एस.डब्ल्यू. केलं आणि तेव्हापासून कुटुंब सल्ला केंद्रात काम करते आहे. तरी हा विषय मी मुद्दाम मागून घेतला, कारण आपल्या संघटनांच्या नोंदी आता कपाटातल्या फायलींमधून संगणकात गेल्या आहेत. कोणत्या बाईला कोणी मारलं, ती आता कुठे राहते, तिच्या बहिणीचा फोन नंबर काय, कोर्टाची पुढची तारीख कोणती, सगळं तिथे आहे. लोखंडी कपाटाची किल्ली कोणाच्या कमरेला आहे हे आपल्याला नेहमी ठाऊक असायचं. संगणकातल्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे ते परवान्याच्या कागदात लिहिलेलं असतं, आणि तो कागद कोणी वाचत नाही. आपण सगळ्याजणी सरळ तळाशी जाऊन ‘मान्य आहे’वर बोट टेकवतो.

ज्या सॉफ्टवेअरची किल्ली वापरणाऱ्याला मिळते, त्याला दोन नावं आहेत. एक ‘फ्री सॉफ्टवेअर’, दुसरं ‘ओपन सोर्स’. बरेच लोक दोन्ही एकच समजतात, आणि परवाने पाहिले तर त्यांचं फारसं चुकतही नाही. मग दोन नावं का पडली आणि त्या फरकाचं आपल्याला काय, एवढंच आज पाहू.

आधी ‘सोर्स कोड’ म्हणजे काय ते. माणूस सॉफ्टवेअर ज्या रूपात लिहितो तो सोर्स कोड. त्यावरून यंत्रासाठी वेगळं रूप तयार होतं, ते माणसाला वाचता येत नाही. विकत घेतलेल्या बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये आपल्याला हे दुसरंच रूप मिळतं. म्हणजे शिवलेला ब्लाउज मिळतो, पण घट्ट झाला तरी बाजूची शिलाई उसवायची नाही अशी अट असते. त्याच शिंप्याकडे जायचं, त्याला वेळ असेल तेव्हा, आणि तो म्हणेल ते पैसे द्यायचे.

आमच्या केंद्राचा अनुभव सांगते. नोंदी ठेवण्यासाठी आम्ही एका कंपनीचं सॉफ्टवेअर घेतलं होतं. त्यात ‘हिंसेचा प्रकार’ या रकान्याला पाचच पर्याय होते. पगार काढून घेणं, घरखर्चाला पैसे न देणं, बाईच्या नावावर कर्ज काढणं यांना जागाच नव्हती. आम्ही कंपनीला पत्र लिहिलं. पुढच्या आवृत्तीत बघू, असं उत्तर आलं. दीड वर्ष आम्ही त्या सगळ्या बायकांची नोंद ‘इतर’मध्ये करत होतो. वार्षिक अहवालात त्या ‘इतर’ म्हणूनच छापल्या गेल्या, आणि तो अहवाल घेऊन आम्ही आर्थिक हिंसेबद्दल बोलायला गेलो तेव्हा साहेबांनी विचारलं, आकडा कुठे आहे? २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात आर्थिक छळ स्पष्ट शब्दांत लिहिलेला आहे. कायद्यानं जे मान्य केलं ते एका रकान्यानं नाकारलं. तालुक्याच्या कॉलेजातली संगणक शिकणारी एखादी मुलगी तो रकाना एका दुपारीत वाढवू शकली असती. तिला सोर्स कोड मिळाला नसता, आणि मिळाला असता तरी हात लावायची परवानगी नव्हती.

नेमका हाच प्रश्न अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी उचलला. ते एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेत काम करत. सप्टेंबर १९८३ मध्ये त्यांनी ‘ग्नू’ नावाचा प्रकल्प जाहीर केला आणि १९८५ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशन ही संस्था काढली. त्यांचं म्हणणं असं की वापरणाऱ्याला चार स्वातंत्र्यं हवीत. सॉफ्टवेअर कोणत्याही कामासाठी चालवता यावं. ते कसं चालतं ते पाहता यावं आणि आपल्या गरजेप्रमाणे बदलता यावं. त्याच्या प्रती दुसऱ्यांना देता याव्यात. आणि आपण केलेले बदलही लोकांपर्यंत पोचवता यावेत. त्यांनी या चारांची मोजणी शून्यापासून केली आहे. यातलं एक जरी नसेल तर वापरणारा माणूस सॉफ्टवेअर चालवत नाही, सॉफ्टवेअर त्या माणसाला चालवतं, असा त्यांचा युक्तिवाद आहे. तो सोयीचा नाही, न्यायाचा आहे.

इंग्रजीत ‘फ्री’ या एका शब्दात फुकट आणि मुक्त दोन्ही बसतात, त्यामुळे त्या बिचाऱ्यांना चाळीस वर्षं खुलासा करावा लागतो आहे की आम्ही किमतीबद्दल बोलत नाही. मुक्त सॉफ्टवेअर विकायलाही परवानगी आहे. मराठीत ती अडचण नाही. ‘स्त्रीमुक्ती’ म्हटल्यावर बाई फुकट असा अर्थ कोणी काढला नाही. उलट तिचं फुकट राबणं थांबावं अशीच ती मागणी होती.

हे स्वातंत्र्य कागदावर टिकवायचं कसं? स्टॉलमन यांनी कॉपीराइटचा कायदाच उलटा वापरला. १९८९ मध्ये त्यांनी जीपीएल हा परवाना आणला. आपल्या ओव्यांचं उदाहरण घ्या. जात्यावर बसलेली बाई आईकडून ऐकलेली ओवी म्हणते, त्यात आपली ओळ घालते, लेक ती सासरी नेते आणि तिथल्या बायका आणखी घालतात. कोणी कोणाला विचारत नाही. आता समजा एखाद्या कंपनीनं या ओव्या घेतल्या, दोन शब्द बदलले, आपल्या नावावर केल्या आणि म्हटलं, आमची ही ओवी आम्हाला विचारल्याशिवाय म्हणायची नाही. काही परवाने याला हरकत घेत नाहीत. एमआयटी, बीएसडी, अपाची हे परवाने म्हणतात: घ्या, बदला, वाटा, पुढे कुलूप घातलं तरी चालेल, फक्त मूळ लिहिणाऱ्यांची नोंद आणि परवान्याचा मजकूर राहू द्या. जीपीएल म्हणतो, घ्या आणि बदला, विका सुद्धा, पण पुढे द्याल तेव्हा सोर्स कोडसकट आणि याच अटीवर द्या. याला ‘कॉपीलेफ्ट’ म्हणतात.

इथे एक गैरसमज आहे. जीपीएल म्हणजे ‘फ्री’ आणि एमआयटी, बीएसडी म्हणजे ‘ओपन सोर्स’, अशी वाटणी खूपजण करतात. ती खरी नाही. स्टॉलमन यांची संस्था एमआयटी, बीएसडी आणि अपाची हे परवाने मुक्तच मानते. ओपन सोर्सवाले जीपीएल मान्य करतात. दोन्हीकडच्या याद्यांत थोडेच परवाने वेगळे निघतात. नासाचा एक परवाना ओपन सोर्सच्या यादीत आहे, पण फाउंडेशनला तो चालत नाही, कारण बदल करणाऱ्यानं केलेली भर त्याची स्वतःचीच असावी अशी त्यात अट आहे. दुसऱ्या कोणाचं मुक्त काम आणून जोडता येत नाही. असे अपवाद हातावर मोजण्याइतके. तेव्हा फरक परवान्याच्या कलमांत शोधू नका.

तो कारणांत आहे, आणि त्यासाठी १९९८ सालात जावं लागतं.

त्या वर्षीच्या जानेवारीत नेटस्केप या कंपनीनं आपल्या ब्राउझरचा सोर्स कोड जाहीर करणार असल्याचं सांगितलं. काही मंडळींना वाटलं, कंपन्यांना हे सगळं पटवून द्यायची हीच वेळ आहे. पण ‘फ्री’ म्हटलं की कंपनीवाल्यांना एकतर फुकट ऐकू येतं, नाहीतर स्वातंत्र्याचं भाषण ऐकू येतं, आणि दोन्हींनी ते बिचकतात. नवा शब्द हवा होता. ‘ओपन सोर्स’ हा शब्द क्रिस्टीन पीटरसन या बाईंनी सुचवला. कॅलिफोर्नियातल्या फोरसाइट इन्स्टिट्यूट या संस्थेत त्या काम करत होत्या. फेब्रुवारीतल्या ज्या बैठकीत तो शब्द पुढे यायचा होता, तिथे त्या हजर होत्या, पण आपण सुचवलेला शब्द लोकांपुढे मांडायचा त्यांना संकोच वाटला आणि त्या गप्प राहिल्या. त्यांच्याशी आधी बोलणं झालेल्या टॉड अँडरसन यांनी बोलताबोलता तो सहज वापरला, थोड्या वेळानं दुसऱ्या कोणी वापरला आणि शब्द रुळला. ही हकीकत पीटरसन यांनी स्वतः २०१८ मध्ये लिहिली. इथे बसलेल्यांपैकी किती जणींच्या सूचना बैठकीत दुसऱ्याच्या तोंडून मंजूर झाल्या असतील, ते विचारत नाही.

त्याच फेब्रुवारीत एरिक रेमंड आणि ब्रूस पेरेन्स यांनी ओपन सोर्स इनिशिएटिव्ह स्थापन केली. पेरेन्स यांनी डेबियन या प्रकल्पासाठी आधी तयार झालेली मार्गदर्शक तत्त्वं घेऊन दहा कलमांची व्याख्या केली. बदलली ती मांडणी. सोर्स कोड उघडा ठेवला तर चुका लवकर सापडतात, अनेकांचे हात लागतात, काम स्वस्तात आणि चांगलं होतं. म्हणजे तो काम करायचा एक चांगला मार्ग आहे. कुलूपबंद सॉफ्टवेअर अन्यायाचं आहे असं हे लोक म्हणत नाहीत. ते फार तर कमी दर्जाचं असेल, म्हणतात.

हे आपल्याला नवीन नाही. १९७५ मध्ये पुण्याच्या परिषदेत ‘स्त्रीमुक्ती’ हा शब्द मोठ्यानं उच्चारला गेला तेव्हा भल्याभल्यांना तो टोचला. मुक्ती कोणापासून, हा प्रश्न त्या शब्दात होता. पुढे ‘सक्षमीकरण’ आलं. २००१ हे वर्ष सरकारनं महिला सक्षमीकरण वर्ष म्हणून जाहीर केलं. बचत गट, प्रशिक्षणं, कर्जं, सगळं त्या नावाखाली आलं आणि त्यातून लाखो बायका घराबाहेर पडल्या; ते मी नाकारणार नाही, आपणही त्याच पैशांवर शिबिरं घेतली. पण सक्षमीकरणात ‘कोणापासून’ हा प्रश्न विचारावा लागत नाही. बाई सक्षम झाली की कुटुंबाचं उत्पन्न वाढतं, देशाचा विकास होतो, असं कारण देता येतं. ती मारहाण सहन करत असेल तरी तिचं खातं नियमित आहे म्हणून ती अहवालात सक्षम असते. मुक्त आणि खुलं या दोन शब्दांमधलं अंतर मला असंच दिसतं. काम तेच, माणसंही बरीचशी तीच, पण कारण बदललं की कुठे थांबायचं ते बदलतं. मराठीत तर आपण ‘ओपन सोर्स’ला ‘मुक्तस्रोत’ म्हणून मोकळे झालो, त्यामुळे हे अंतर दिसेनासंच झालं.

कारण बदललं की काय होतं याचं ताजं उदाहरण ‘रेडिस’चं आहे. माहिती साठवण्याचं हे सॉफ्टवेअर बीएसडी परवान्याखाली होतं आणि जगभर वापरात होतं. मोठ्या क्लाउड कंपन्या ते फुकट घेऊन पैसे कमावतात हे मालक कंपनीला परवडेना. मार्च २०२४ मध्ये तिनं पुढच्या आवृत्त्यांचा परवाना बदलला, आणि नवे परवाने ओपन सोर्सच्या व्याख्येत बसणारे नव्हते. काम करणाऱ्यांपैकी अनेकजण जुनी आवृत्ती घेऊन बाहेर पडले आणि ‘व्हॅल्की’ नावानं वेगळी चूल मांडली. मे २०२५ मध्ये कंपनीनं पुन्हा एक मुक्त परवाना देऊ केला. खुलेपणा सोयीसाठी असेल तर सोय संपल्यावर तो संपतो, यात नवल काय? पण वेगळी चूल मांडता आली हेही पाहा. २०१० मध्ये ओरॅकल कंपनीनं सन ही कंपनी घेतल्यावर ओपनऑफिसच्या कार्यकर्त्यांनी असंच केलं, त्यातून लिब्रेऑफिस झालं. ते मराठीतही चालतं. आपल्याकडे घर सोडणारी बाई बहुतेक वेळा अंगावरच्या कपड्यांनिशी निघते, स्त्रीधनासाठी पुढे वर्षानुवर्षं कोर्टात जाते. इथे घराच्या नकाशासकट सगळं बरोबर नेता येतं. ती सोय दोन्ही छावण्यांच्या परवान्यांत आहे आणि मला ती सगळ्यात मोलाची वाटते.

ओपन सोर्सवाल्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. मानवी हक्कांच्या नोंदी सुरक्षित ठेवण्यासाठी ‘मार्टस’ नावाचं सॉफ्टवेअर बेनेटेक या अमेरिकी संस्थेनं तयार केलं होतं. सोर्स कोड खुला, हेतू आपल्यासारखाच. २०१८ मध्ये संस्थेनं त्याचं काम थांबवलं. परवान्यानं दिलेले हक्क शाबूत होते, पण हक्क बजावायला रोज काम करणारी माणसं लागतात. माणसं कशी जमवायची, टिकवायची, त्यांचे पगार कुठून आणायचे, याचा विचार ओपन सोर्सवाल्यांनी जास्त केला आहे. मुक्तीवाल्यांच्या भाषणांत त्याला कमी जागा मिळते. आपल्या चळवळीतही हा प्रश्न थोडाफार असाच आहे, पण तो आजचा विषय नाही.

आता आपल्या राज्यातली गोष्ट. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाडी सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाइल परत करायला सुरुवात केली. फोन निकृष्ट होते, दुरुस्तीचा भुर्दंड त्यांच्यावर येत होता, आणि ‘पोषण ट्रॅकर’ हे नवं अ‍ॅप इंग्रजीत भरावं लागत होतं. त्याआधी वापरात असलेलं ‘कॅस’ हे अ‍ॅप ‘कॉमकेअर’ या ओपन सोर्स सॉफ्टवेअरवर उभं होतं. म्हणजे ज्या बायका रोज ते वापरत होत्या त्यांच्या हातातलं अ‍ॅप खुल्या पायावर होतं, आणि त्यांना त्यातला एक शब्दही बदलता येत नव्हता. अ‍ॅप गेलं, नवं आलं, तेव्हाही त्यांना कोणी विचारलं नाही. ओपन सोर्सच्या हिशेबानं यात काही चुकलेलं नाही. मुक्त सॉफ्टवेअरच्या हिशेबानं प्रश्न उभा राहतो, पण त्यांचंही उत्तर इथे तोकडं पडतं. फोन सरकारचा, म्हणून ‘वापरणारं’ सरकारच ठरतं. बोटं झिजवणारी बाई दोन्ही व्याख्यांच्या बाहेर उरते. तिचा प्रश्न कामगार संघटनेनंच उचलला.

दुसरी एक जागा जिथे दोन्ही छावण्या एकत्र येऊन आपल्याला नकार देतात. नवरा बायकोच्या फोनमध्ये चोरून पाळतीचं अ‍ॅप घालतो, अशा तक्रारी केंद्रात येतात. मग मनात येतं, परवान्यातच लिहावं ना, की हे सॉफ्टवेअर कोणावर पाळत ठेवायला वापरता येणार नाही? कोरलाइन अ‍ॅडा एम्की यांनी २०१९ मध्ये ‘हिपोक्रेटिक लायसन्स’ आणला, त्यात मानवी हक्कांचा भंग करायला सॉफ्टवेअर वापरू नये अशी अट घातली. फाउंडेशननं तो मुक्त मानला नाही, कारण पहिलंच स्वातंत्र्य कोणत्याही कामासाठी वापरण्याचं आहे. ओपन सोर्सवाल्यांनीही नाही म्हटलं, कारण त्यांच्या व्याख्येत कोणत्याही क्षेत्राला मनाई करता येत नाही. मला सुरुवातीला हा नकार निर्दयी वाटला. आता वाटत नाही. आज अट घालायचा अधिकार आपल्या मैत्रिणीनं घेतला, तर उद्या दुसरा कोणी ‘कुटुंबसंस्था मोडणाऱ्या संघटनांनी वापरू नये’ असं लिहील. नवऱ्याला अडवायला संरक्षणाचा आदेश लागतो. परवाना वाचून तो काही थांबणार नाही.

स्वातंत्र्याची भाषा बोलणाऱ्या या जगात बायका किती? युरोपीय संघाच्या मदतीनं झालेल्या २००६ च्या एका अभ्यासात मुक्त आणि खुल्या सॉफ्टवेअरचं काम करणाऱ्यांत बायका सुमारे दीड टक्का निघाल्या. कुलूपबंद सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपन्यांत तेव्हा हे प्रमाण २८ टक्के होतं. कुंपण नव्हतं, दार उघडं होतं, तरी बायका आत नव्हत्या. रात्री जागून फुकट काम करायला वेळ कोणाकडे असतो, हे ज्यांच्या घरी सकाळी सहाला पाणी येतं त्यांना समजावून सांगायला नको. शिवाय आतलं वातावरण. स्टॉलमन यांना सप्टेंबर २०१९ मध्ये एमआयटी आणि फाउंडेशन दोन्हीकडून राजीनामा द्यावा लागला, कारण लैंगिक शोषणाच्या एका गाजलेल्या प्रकरणात त्यांनी एका सहकाऱ्याची बाजू घेताना काढलेले उद्गार बाहेर आले. मार्च २०२१ मध्ये ते फाउंडेशनच्या संचालक मंडळावर परतले आणि हजारोंनी निषेधाच्या पत्रावर सह्या केल्या. दुसऱ्या छावणीत फार सभ्यता होती असंही नाही. लिनक्सचे लिनस टोरवाल्ड्स यांनी सप्टेंबर २०१८ मध्ये आपल्या शिवराळ वागण्याबद्दल माफी मागून काही दिवस सुट्टी घेतली. विचार मांडणाऱ्यावरून विचार टाकून द्यावा असं मी म्हणत नाही. तसं केलं तर आपल्या वाचनालयात फार थोडी पुस्तकं उरतील. पण दार उघडून ठेवणं आणि आत बोलावणं वेगळं. बोलावण्याचं काम ग्नोम या प्रकल्पानं २००६ मध्ये बायकांसाठी सुरू केलं, ते आज ‘आउटरीची’ नावानं चालतं. त्यात पैसे देऊन काम शिकवतात, आणि भारतातल्या पुष्कळ मुली त्यातून गेल्या आहेत. तुमच्या ओळखीत संगणक शिकणारी कोणी असेल तर तिला सांगा.

शेवटी कामाचं. जीपीएलची अट सॉफ्टवेअरची प्रत दुसऱ्याच्या हाती गेली की लागू होते. पण हल्ली देणगीदार संस्था जे सॉफ्टवेअर पुढे करतात ते बहुधा दूरच्या सर्व्हरवर चालतं. प्रत आपल्याकडे येतच नाही, त्यामुळे जीपीएल असूनही सोर्स कोड द्यायचं बंधन येत नाही. ही फट बुजवायला एजीपीएल आहे, त्याची आत्ताची आवृत्ती २००७ ची. सॉफ्टवेअर बदलून दुसऱ्यांना नेटवरून वापरायला दिलं, तर त्या वापरणाऱ्यांना बदललेला सोर्स कोड देऊ करावा लागतो. तेव्हा ‘आमचं सॉफ्टवेअर ओपन सोर्स आहे’ असं कोणी सांगितलं की विचारा: कोणता परवाना? तुमच्या सर्व्हरवर चालतं तोच सोर्स कोड तुम्ही देता का? आम्ही दुसऱ्या कोणाकडून बदल करून घेऊ शकतो का?

आणि एक प्रश्न, ज्याचं उत्तर कोणत्याच परवान्यात नाही. परवाना सोर्स कोडचा असतो, नोंदींचा नसतो. सोर्स कोड पूर्ण मुक्त असूनही आपल्या बायकांची नावं आणि पत्ते कंपनीच्या सर्व्हरवर राहू शकतात. करार संपल्यावर सगळ्या नोंदी उघडता येतील अशा स्वरूपात परत मिळतील आणि त्यांच्याकडच्या प्रती पुसल्या जातील, हे करारात वेगळं लिहून घ्यावं लागतं.

जीपीएल, एजीपीएल आणि एमआयटी अशा तिन्ही परवान्यांच्या प्रती मी आणल्या आहेत, त्या पुस्तकांच्या टेबलावर ठेवते. एमआयटीचा जेमतेम अर्ध्या पानाचा आहे, जेवणाआधी वाचून होईल. जीपीएलला दोघीतिघींनी मिळून बसलेलं बरं. भाषा वकिली आहे, पण पोटगीचे अर्ज वाचणाऱ्यांना जड जाणार नाही.